बसच्या खिडकीतून सोरसोगोन

सोरसोगोन नावाचा एक प्रांत फिलिपिन्समध्ये आहे, हे वयाच्या चाळिशीपर्यंत मला ठाऊक नव्हतं. आता त्याचा नकाशा मी डोळे मिटून काढू शकतो. लुझोन हे तिथलं सगळ्यात मोठं बेट. त्याची शेपटी आग्नेयेकडे निघते आणि जिथे संपते तिथे हा प्रांत आहे. पूर्वेला उघडा महासागर, खाली सामुद्रधुनी, पश्चिमेकडून पोटात शिरलेला एक मोठा उपसागर आणि दक्षिणेकडे एक जागृत ज्वालामुखी. मी तिथे कधी गेलेलो नाही, आणि आता जायला मला तोंडही नाही.

मी मूळचा अकोल्याचा. व्यवसायाने ड्राफ्ट्समन. बहरीनमध्ये चौदा वर्षं झाली, त्यातली दहा झिंजमधल्या याच फ्लॅटमध्ये. बायको एका दवाखान्याच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे आणि तिच्या शिफ्ट बदलत्या असतात. लेक दोन वर्षांची झाली तेव्हा दोघांची कामं आणि लेकरू यांचा मेळ बसेना, म्हणून आम्ही घरी राहणारी बाई शोधली. ती फिलिपिन्सची होती. चौतिशीची, बुटकी, केस घट्ट बांधलेले. पहिल्याच दिवशी तिने लेकीला सांगितलं, मला आते म्हण. त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला तसं म्हणतात. अकोल्याला माझ्या आईला व्हिडिओ कॉलवर हे कळलं तेव्हा ती खूश झाली. पोरीला परदेशात आत्या मिळाली, असं ती शेजारीपाजारी सांगत सुटली. मग आम्हीही तिला आतेच म्हणू लागलो.

आते आठ वर्षं आमच्याकडे होती. माझ्या लेकीचे दुधाचे दात पडले ते तिने गोळा केले, पोळी लाटायला ती माझ्या बायकोकडून शिकली आणि बायकोपेक्षा गोल लाटू लागली. मराठीतले तिचे शब्द मोजके होते: थांब, आण, गरम आहे, झोप आता. बाकी सगळं इंग्रजीत, मध्ये मध्ये इथले अरबी शब्द, झालं म्हणायला खलास आणि चल म्हणायला यल्ला. लेकीला मराठी समजतं पण उत्तर ती इंग्रजीत देते, त्यामुळे दोघींचं छान जमायचं. मला ती सर म्हणायची. सर म्हणू नकोस, असं मी तिला सुरुवातीला दोनतीनदा सांगून पाहिलं. ती हसायची आणि म्हणायची, ओके सर.

तिला दर दोन वर्षांनी सुट्टी होती, तसं कागदावर लिहिलेलंच होतं. दोनदा ती गेलीही. तिसऱ्या खेपेला बायकोला रात्रपाळी लागली आणि आम्ही तिला विचारलं, सहा महिने थांबशील का? थांबली. सहा महिन्यांनी माझ्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. आम्ही तिघं अकोल्याला गेलो आणि घर बंद ठेवायला नको म्हणून ती मागे राहिली. लेकीच्या काचेच्या पेटीतल्या माशांना तीन आठवडे कोण खायला घालणार, हा प्रश्न मी खरोखरच गंभीरपणे मांडला होता. मग लेकीची परीक्षा आली, मग माझ्या कामाची डेडलाइन. प्रत्येक वेळी आम्ही तिला विचारलं, हुकूम असा कधी केला नाही. पण ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला विचारण्यात काय अर्थ असतो? होता होता तिला घरी जाऊन चार वर्षं झाली. तिची आई तिकडे ऐंशीच्या घरात होती.

माझी आई अकोल्यात चार घरची धुणीभांडी करायची. त्या कमाईवर मी पॉलिटेक्निक केलं. फोनवर ती एकदा मला म्हणाली, "तिची माय हाय ना रे तिकडं? मंग जाऊ दे ना तिले. वाट पाहत असन." मी म्हणालो, हो, परीक्षा झाली की पाठवतो.  एप्रिलमध्ये आमची माणसं इथे हॉल भाड्याने घेऊन जयंती करतात. त्या वर्षी समता आणि श्रमाची प्रतिष्ठा या विषयावर मी वीस मिनिटं बोललो. टाळ्या बऱ्या पडल्या. आते मागच्या रांगेत लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. तिला एक अक्षरही कळलं नाही, हे माझं नशीब.

आता पासपोर्टचं सांगतो. गल्फमधल्या प्रत्येक घरात एक फाईल असते. पासपोर्ट, सीपीआर म्हणजे इथल्या ओळखपत्रांच्या प्रती, व्हिसाचे कागद, लेकरांचे जन्मदाखले. घर पेटलं तर माणूस आधी ती फाईल उचलेल. आमची फाईल बेडरूमच्या कपाटात होती, आणि मी ड्राफ्ट्समन असल्यामुळे तिला रंगीत पट्ट्या लावलेल्या होत्या. कोणाचं काय कधी संपतं ते पट्टीवर लिहिलेलं. आतेचा पासपोर्टही याच फाईलमध्ये होता. कामवाल्या बाईचा पासपोर्ट मालकाने ठेवू नये असा नियम आहे, हे मला ठाऊक होतं. पण सगळेच ठेवतात, आणि मी तर तो सांभाळण्यासाठीच ठेवला होता. हरवला तर तिचीच पंचाईत होईल, असं मी स्वतःला समजावलं होतं. फक्त तिच्या पासपोर्टला मी पट्टी लावली नव्हती. तो मागच्या खणात होता.

लेक पाचवीत गेली तेव्हा शाळेतून एक प्रकल्प आला. समुद्रकाठचा एखादा प्रदेश निवडा, त्याचा भूगोल आणि प्रेक्षणीय स्थळं तक्त्यावर मांडा. वर्गातली निम्मी मुलं मालदीव करत होती आणि उरलेली गोवा. लेक म्हणाली, मी आतेचा प्रांत करणार. मला उत्साह आला. मी ऑफिसातून मोठा कागद आणला, पेनं काढली, इंटरनेटवरून किनाऱ्याची रेषा उतरवून घेतली आणि दोन शुक्रवार जेवणाच्या टेबलावर ठाण मांडलं.

प्रेक्षणीय स्थळांची यादी मीच काढली. पश्चिमेला डोनसोल. तिथे एसटीएवढे लांब, ठिपक्याठिपक्यांचे देवमासे येतात आणि जगभरची माणसं त्यांच्याबरोबर पोहायला येतात. खरं म्हणजे तो शार्क असतो, पण दात लावत नाही. दक्षिणेला बुलुसान हा ज्वालामुखी, आणि त्याच्या अंगावर दाट जंगलात त्याच नावाचं हिरवं तळं. त्याखाली मातनोगचं बंदर, तिथून होडीने गुलाबी झाक असलेल्या वाळूच्या किनाऱ्यावर जाता येतं. पूर्वेला भरतीओहोटीचं एक खडकाळ बेट. ओहोटीला लोक चालत जातात आणि खडकांच्या कड्यात अडकलेल्या पाण्यात डुंबतात. समुद्रालगत जुन्या दगडी इमारतींचे अवशेष. गुबात नावाच्या गावाजवळ लाटांवर फळ्या घेऊन खेळणाऱ्यांचा किनारा.

"यातलं तू काय काय पाहिलंस?" मी विचारलं.

आते कणीक मळत होती. तिने यादीवर नजर टाकली आणि म्हणाली, "गुबात, सर. आमचं गाव तिथेच आहे. बाकी दोन, लहानपणी शाळेतून."

"आणि देवमासा?"

"तिकीट काढून मासा बघायला कोण जाईल सर? मासा आमच्याकडे घरी येतो."

लेक खो खो हसली. आतेची आई बाजारात सुके मासे विकायची, वडील होते तोवर होडीवर जायचे. आतेचा प्रांत निराळाच होता. ती सांगायची, इथे रस्त्याला वळण आहे, इथे जीप थांबते, कारण ड्रायव्हरची सासू इथे राहते. हे चर्च, वादळ आलं की आम्ही सगळे इथे झोपतो. हे पिलीचं झाड. पिली म्हणजे बदामासारखा एक दाणा, गुळात घोळून खातात. झाडाखाली आमची होडी बांधलेली असायची. वादळाचा वारा या बाजूने येतो. ज्वालामुखी शिंकला की राख या बाजूला पडते, मग आई वाळत घातलेल्या मासळीवर चादरी टाकते. आईला राखेचा वास आधी येतो, रेडिओला नंतर कळतं.

मी यातलं काही नकाशात घेतलं नाही. मी लेकीला समजावलं की नकाशाला शिस्त असते, सूची असते. लाल त्रिकोण म्हणजे ज्वालामुखी, निळा मासा म्हणजे देवमासा, पिवळं वर्तुळ म्हणजे किनारा. ड्रायव्हरच्या सासूला यात कुठे बसवणार? आते म्हणाली, खरंच आहे सर. लेकीला पूर्ण गुण मिळाले. शाळेतून तक्ता परत आला तेव्हा लेकीने तो आमच्या बैठकीत, सोफ्याच्या वर चिकटवला आणि पाहुणे आले की मी कौतुकाने त्यांना दाखवायचो.

रमझान संपत आला होता तेव्हा आतेच्या बहिणीचा फोन आला. आई आजारी होती. किडनी थकली होती आणि तालुक्याच्या दवाखान्याने घरी न्या म्हणून सांगितलं होतं. आते स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "सर, मला आता जायचं आहे." आठ वर्षांत तिने पहिल्यांदा वाक्याच्या शेवटी प्रश्न ठेवला नव्हता.

मी म्हणालो, आजच तिकीट काढू. खरंच म्हणालो. कपाट उघडलं, फाईल काढली, मागच्या खणातून तिचा पासपोर्ट काढला. तारीख पाहिली. तो दोन महिन्यांपूर्वीच संपला होता.

 आम्हा तिघांच्या पासपोर्टांना पट्ट्या होत्या, कारच्या विम्याला होती, अगदी पाण्याच्या फिल्टरलाही होती. पासपोर्ट तिच्याजवळ असता तर तिने तारीख पाहिली असती. आपला कागद माणूस अधूनमधून काढून बघतोच. माझ्या कपाटात तो सुरक्षित होता आणि सुरक्षितपणे मेला होता. मी बाहेर येऊन तिला दाखवला. तिने तारखेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "इट्स ओके सर." मग भात झाला का ते बघायला आत गेली.

अशा वेळी वकिलातीतून तात्पुरता प्रवासाचा कागद मिळतो, पण लगेच ईदची सुट्टी लागली. त्यात कोणाचा दोष नव्हता. सुट्टी संपल्यावर आम्ही रोज गेलो, अर्ज, फोटो, माझं पत्र, पुन्हा एक शिक्का. रोज गाडीत बसलं की मी म्हणायचो, सॉरी आते, माझ्यामुळे झालं. ती म्हणायची, इट्स ओके सर. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात बसून आईला व्हिडिओ लावायची. बांबूच्या खाटेवर अगदी लहान झालेली एक म्हातारी दिसायची. तिला फोनमधलं फारसं दिसत नव्हतं. दाराशी पाऊल वाजलं की ती विचारते, आली का, असं बहिणीने सांगितलं. आतेने मला ते इंग्रजीत करून सांगितलं. कशाला सांगितलं कोण जाणे. कदाचित तिला दुसरं कोणी नव्हतं सांगायला.

पाचव्या दिवशी कागद मिळाला, गुरुवार होता. दुपारी तीनचं मनिलाचं विमान मिळालं. विमानतळावर तिने लेकीला जवळ घेतलं, बसमध्ये बसले की फोन करेन म्हणाली आणि डब्यात काय आवडतं, काय परत येतं, कोणत्या बाटलीचं झाकण गळतं, हे माझ्या बायकोला तपशीलवार सांगितलं. मग मला म्हणाली, "सर, आई थांबेल. ती हट्टी आहे." ती आत गेली. काचेपलीकडून तिने एकदा हात हलवला.

घरी येऊन चारच्या सुमाराला आम्ही चहा ठेवला. चहा उकळत होता तेव्हा बायकोच्या फोनवर आतेच्या बहिणीचा फोन आला. आई गेली होती, आत्ताच, अर्ध्या तासापूर्वी. आते तेव्हा आकाशात होती. विमान जेमतेम इराणच्या आसपास असेल.

बहीण रडत नव्हती, घाईत होती. तिने आम्हाला एकच विनंती केली. आते पहाटे मनिलाला उतरेल, तिथून गावापर्यंत बसचा तेरा-चौदा तासांचा प्रवास आहे, आणि ती एकटी आहे. बसमध्ये तिला कळलं तर तिला धरायला कोणी नाही. आम्ही कोणी तिला सांगणार नाही, घरी आल्यावर मी सांगेन. तुम्हीही सांगू नका. आणि तिने फोन केला तर उचला, नाहीतर तिला संशय येईल.

बायकोने गॅस बंद केला. मग म्हणाली, "आपण बोलणार काय तिच्याशी?"  लेकीला मात्र काही सांगायचं नाही, हे दोघांनी ठरवलं. दहा वर्षांच्या पोराच्या तोंडून निसटायला वेळ लागत नाही.

शुक्रवारी सकाळी सहाला फोन वाजला. तिकडे अकरा झाले होते. आते बसमध्ये खिडकीशी बसली होती, केस वाऱ्याने उडत होते. ती म्हणाली, "मी नीट पोचले सर, बस मिळाली. आईला झोप लागली आहे म्हणे, बहिणीने सांगितलं."  मी म्हणालो, बरं, बरं, छान. आणि मग बोलायला काही हवं म्हणून विचारलं, "बाहेर काय दिसतंय?"

तिने फोन खिडकीबाहेर धरला. भाताची खाचरं, नारळीची झाडं, पत्र्याची घरं. तोवर लेक उठून आली आणि तिने फोन माझ्या हातातून काढूनच घेतला. तिला सुट्टी होती, तिची आते तिच्या नकाशात शिरत होती. ती थेट सोफ्यावर चढून तक्त्यापाशी उभी राहिली. "यू आर नॉट ऑन द मॅप येट!" ती ओरडली. आते म्हणाली, नाही, अजून पाचसहा तास. मग दर तासाला फोन. रेंज जायची, पुन्हा यायची.

साडेदहाच्या सुमाराला, म्हणजे तिकडच्या दुपारी, शेजारच्या प्रांतातला मायोन दिसला. तोही ज्वालामुखीच, पण देखणा. कोणीतरी पिठाचा ढीग हलक्या हाताने ओतावा तसा चहूबाजूंनी सारखा उतरलेला. माथ्यावर ढग होता. आतेने सांगितलं की तो ढग बाजूला झाला तर पाहणाऱ्याचं नशीब चांगलं असतं. आम्ही तिघंही फोनवर वाकून वाट पाहत बसलो. ढग हटला. लेकीने टाळ्या पिटल्या आणि मी, हे लिहायला लाज वाटते, मीही ओरडलो, "अरे वा!" पाचदहा मिनिटं मी सगळं विसरलो होतो. बायको उठून आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला.

मग प्रांताची पाटी आली. लेकीने तक्त्यावर बोट ठेवलं. आता ती विचारत होती आणि मी तिला मागून सुचवत होतो. हा फाटा कुठला? उजवीकडचा डोनसोलचा, देवमाशांचा. मासे आत्ता असतील का? असतील, त्यांचा मोसम अजून आहे. पिलीची झाडं दाखव. ही काय, सगळीकडे आहेत. उपसागर कधी लागेल? शहर आलं की. आला, पाहा. संध्याकाळचं पाणी होतं, शिशाच्या रंगाचं. होड्या ओढून ठेवल्या होत्या. आते एकेक गोष्ट सावकाश, नीट दाखवत होती, फोन हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरत होती. मध्ये एकदा ती म्हणाली, "सर, तुम्ही म्हणाला होता ना दगडी अवशेष, ते आमच्या रस्त्यावर लागत नाहीत. सॉरी." मी म्हणालो, असू दे, असू दे. 

शेवटी लांबवर, दक्षिणेकडे बुलुसान दिसला. तो मायोनसारखा सुबक नाही. रुंद, ओबडधोबड, खांद्यावर झाडी. अंधारत आलं होतं, त्यामुळे तो काळाच दिसत होता. "आज शिंकला नाही," आते म्हणाली. मग तिने सांगितलं, फोनची बॅटरी संपत आली आहे, आता अर्ध्या तासात गाव येईल.

लेक म्हणाली, "आते, टेल लोला आय सेड हॅलो!" लोला म्हणजे त्यांच्यात आजी.

"येस बेबी," आते म्हणाली. "आय विल टेल हर." आणि फोन बंद झाला.

त्यानंतर आठवडाभर तिच्याशी बोलणं झालं नाही. त्यांच्यात माणूस गेलं की त्याला कितीतरी दिवस घरातच ठेवतात. गाव येतं, पत्ते खेळतात, कॉफी पितात, मेलेल्याला एकटं सोडत नाहीत. बहिणीने फोटो पाठवले. लेकीला आम्ही दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती रडली नाही. तिने फक्त विचारलं, "काल तुम्हाला माहीत होतं?" मी हो म्हणालो. ती तिच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. ते दार ती अजूनही लावून घेते.

दीड महिन्याने मी आतेला फोन केला. आधी कामाचं बोललो. ती परत येणार नव्हती. तिने कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिचे कपडे, लेकीने तिच्यासाठी काढलेली चित्रं, दोन बॅगा पाठवायच्या होत्या. ते ठरलं. मग मी म्हणालो, आते, मला एक कबूल करायचं आहे. तू बसमध्ये होतीस तेव्हा आम्हाला कळलेलं होतं. तुझ्या बहिणीने सांगू नका म्हटलं होतं, पण आम्ही तुला ती झाडं आणि ते डोंगर दाखवायला लावले, ते मला सलतं.

 तिच्या मागे कोंबडा आरवत होता आणि कोणीतरी पाणी ओढत होतं.

"सर, मलाही माहीत होतं," ती म्हणाली.

 तिने सांगितलं, मनिलाच्या विमानतळावर उतरल्यावर वाय-फाय मिळालं. गावातल्या कोणीतरी पेटत्या मेणबत्तीचं चित्र टाकलं होतं, त्याखाली तिच्या आईचा फोटो. ती तिथेच सामानाच्या पट्ट्यापाशी खाली बसली. सामान तीन फेऱ्या मारून गेलं. मग उठून तिने बस पकडली.

"मग सकाळी तू फोन केलास तेव्हा..."

"आदल्या दिवशी मी म्हटलं होतं ना, बसमध्ये बसले की फोन करेन. बेबी वाट पाहत असेल म्हणून केला. आणि तुम्ही विचारलंत, बाहेर काय दिसतंय."

"पण मग तू सांगायचं होतंस! दिवसभर तू ते सगळं का दाखवत बसलीस?"

ती उत्तर देताना जरा चकित झाल्यासारखी वाटली. इतकी साधी गोष्ट मला विचारावी का लागते, असं.

"तुम्ही बघत होता ना सर," ती म्हणाली.

मी फोन ठेवला. दोन वर्षं अडवून ठेवलेली सुट्टी अखेर मी तिला दिली, असं मी समजत होतो. तिची आई घरी पांढऱ्या कापडाखाली होती, हे तिला ठाऊक होतं, आणि बसच्या खिडकीशी बसून, दोन्ही हातांनी फोन स्थिर धरून, ती दिवसभर आमच्या घरचंच काम करत होती.